हल्सांची उंची

“बाप्तिस्मा करा, केक कापा, अख्ख्या गावाला चहाला बोलवा. फक्त त्याला त्या फुटबॉलच्या गोलात बसवू नका,” असं बेरिल आत्या म्हणाली, तेव्हा टॅमसिनचे दोन्ही हात साबणाच्या फेसात होते. बाळ, नेड, पलीकडच्या खोलीत कुरकुरत होतं आणि तिचा अर्धा कान तिकडे लागला होता. आत्याचं बोलणं तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हल्सांच्या घरात मुलींना कधी गोलात बसवत नसत. बेरिलला बसवलं नव्हतं, तिच्या धाकट्या भावाला, रॉयला, बसवलं होतं. साठी उलटली तरी बाईच्या मनातून ते जात नाही, एवढंच टॅमसिनला वाटलं. “बघू हं,” ती म्हणाली आणि बशी विसळायला घेतली.

बशी निसटली आणि तिचे दोन तुकडे झाले.

“गोलाला,” बेरिल सवयीने बोलून गेली. मग ओठ घट्ट मिटून तिने ते तुकडे उचलले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले.

पिकमोरमध्ये असं कुणी करत नाही. कप फुटला, बशी फुटली की ‘गोलाला’ म्हणायचं आणि तुकडे मागच्या दाराशी ठेवलेल्या बादलीत टाकायचे. बादली भरली की बेरिलचे वडील, विल्फ आजोबा, हातगाडी घेऊन येतात. फुटबॉल क्लब बंद पडून वीसेक वर्षं झाली, पण बादल्या दाराशी आहेतच. लेस्टरहून लग्न करून आलेल्या टॅमसिनला ते फार गोड वाटायचं. कॉलेजात इतिहास शिकलेली मुलगी; जुन्या रीतींवर तिचा जीव. बादलीचं कारण मात्र तिने कधी विचारलं नाही. गोड वाटणाऱ्या गोष्टींची कारणं कोण विचारतं?

बाप्तिस्म्याच्या रविवारी सगळे चर्चमधून परतले, तेव्हा बैठकीच्या खोलीत तिने केलेला फळा उभा होता. पिकमोर अॅल्बियन फुटबॉल क्लबचा सगळा इतिहास तिने त्यावर टाचला होता. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या मिठाच्या कारखान्यातल्या माणसांनी क्लब काढला. जागा कारखान्याने दिली, गोलचे खांबही कारखान्यानेच दिले. जमिनीखालचं खारं पाणी वर उपसायचे जाड लोखंडी नळ होते, तेच कापून, रंगवून रोवले. आजूबाजूच्या गावांचे लाकडी खांब कुजायचे, वादळात पडायचे. पिकमोरचे कधी हलले नाहीत.

“जागा फुकट दिली होती बरं का,” विल्फ आजोबा पाद्रीबाबांना सांगत होते. नव्वदीला टेकलेला म्हातारा, अंगात जुना सूट, डोक्यावर गोलकीपरची ती चपटी टोपी. चर्चमध्ये काढली तेवढीच. “चौरस, सपाट. मोजून घरं बांधावीत अशी जमीन, पण मालक म्हणाले, घरं नकोत, पोरं खेळू देत.”

“ज्या कारखान्याने कधी चहा फुकट पाजला नाही,” बेरिल सँडविचची थाळी फिरवता फिरवता म्हणाली, “त्याने अख्खं मैदान फुकट दिलं. केवढं मन.”

“तुला कशातच चांगलं दिसत नाही,” आजोबा म्हणाले. “लहानपणापासून अशीच.”

“मला दाखवलंत कुठे काही चांगलं.”

मॉरीनने, टॅमसिनच्या सासूने, नणंदेकडे डोळे वटारले आणि पाद्रीबाबांच्या बशीत केकचा मोठा तुकडा वाढला. “घ्या ना. बेरिलचं असंच असतं. आनंदाच्या दिवशी तिचा दात दुखायला लागतो.”

फळ्याच्या मधोमध टॅमसिनने तीन फोटो ओळीने लावले होते. तिघेही हल्स, तिघेही गोलकीपर, तिघेही त्याच गोलात, कारखान्याकडच्या. पहिल्यात विल्फ आजोबांचे वडील, एमॉस. त्यांच्या टोपीच्या कितीतरी वर आडवा दांडा. मध्ये आणखी एक पोर उभं राहिलं असतं. दुसऱ्यात ऐन तारुण्यातले विल्फ. दांडा बराच जवळ. तिसऱ्यात रॉय, टॅमसिनचा सासरा, क्लबच्या शेवटच्या मोसमातला. हात जरा उचलला असता तर कोपर दांड्याला लागलं असतं.

“हल्स पिढीगणिक वाढतात,” ही पिकमोरची जुनी म्हण. पाद्रीबाबांना ती ठाऊक होती आणि तेही हसले.

“वाढतातच,” आजोबा छाती काढून म्हणाले. “म्हणून त्या गोलात कुणाला उंचावरून चेंडू टाकता आला नाही. आमच्या कपाटात चषक काय उगाच आहेत? हा नेड तर बघा, वाकून उभा राहील.”

सगळे हसले. टॅमसिनही हसली. हसताहसता तिची नजर रॉयकडे गेली. तो खिडकीपाशी पाठमोरा उभा होता. त्याच्या हातातला चहा केव्हाच निवला होता, पण कप त्याने दोन्ही हातांनी असा धरला होता की जणू तो सांडला तर काहीतरी होईल.

“बाबा, बरं वाटत नाही का?” टॅमसिनच्या नवऱ्याने, नीलने, विचारलं.

“गवत ओलं असेल,” रॉय म्हणाला. “आज गोलाचं राहू दे. उन्हाळ्यात करू.”

“ओलं गवत म्हणे,” मॉरीन म्हणाली. “तुला ताप असताना बसवलं होतं, तुझी आईच सांगायची. आपल्या नीलला बसवलं तेव्हा बर्फ होता. आणि माझ्या नातवाच्या वेळेला याला गवत दिसतंय.”

“नीलला बसवायलाही तो नको म्हणाला होता,” बेरिल म्हणाली.

“तुला कोणी विचारलं?”

“मी विचारतो,” नील जरा हसत, जरा वैतागून म्हणाला. आई आणि आत्या यांच्यात उभं राहायची सवय त्याला होती; दोघींना पाठ न दाखवता मागे सरकायचं कसब त्याने कमावलं होतं. “पाच मिनिटांचं काम आहे. आजोबांचं वय बघा. उन्हाळा कुणी पाहिलाय?”

आणि तेव्हा टॅमसिन बोलली. पुढे कितीतरी दिवस हे तिला खात राहिलं. कुणी तिला गळ घातली नव्हती. तीच म्हणाली, “मलाही हवंय. फळ्यावर चौथ्या फोटोची जागा मी रिकामी ठेवलीय.”

आजोबांचा चेहरा उजळला. मॉरीनने सुनेच्या गालावर हात ठेवला. लग्नाच्या दिवशीही ठेवला नव्हता. बेरिल थाळी घेऊन आत गेली आणि रॉयने कप खिडकीत ठेवला.

मैदानाच्या फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली एकट्या आजोबांकडे. आत गुडघ्याएवढं गवत, काटेरी झुडपं. कपडे बदलायची खोली छप्पर गेलेली, दाराच्या जागी नुसती चौकट. पण पार पलीकडे, कारखान्याच्या बाजूला, एक हिरवा चौकोन कातरून ठेवल्यासारखा होता. आजोबांनी गोलपुढची तेवढी जागा वीस वर्षं राखली होती; बादल्या तिथेच रित्या होत होत्या, वर माती, वर हिरवळ. दोन्ही खांबांना ताजा पांढरा रंग होता.

“केवढासा दिसतो,” नील चालताचालता म्हणाला. “मला केवढा मोठा वाटायचा.”

“लहानपणीच्या जागा मोठेपणी लहानच वाटतात,” मॉरीन म्हणाली.

टॅमसिनला ते पटलं. तिची स्वतःची शाळाही तिला मागच्या वर्षी खेळण्यातल्यासारखी वाटली होती.

रीत अशी की घरातला सगळ्यात जुना गोलकीपर बाळाला घेऊन गोलात जातो, रेषेवर बसवतो, आणि आई समोरून चेंडू घरंगळत सोडते. बाळाचा हात चेंडूला लागला की टाळ्या. आजोबांनी नेडला टॅमसिनच्या हातातून घेतलं. पांढऱ्या लांब झग्यात गुंडाळलेलं पोर त्यांच्या टोपीकडे बघत राहिलं. नीलने चेंडू मॉरीनपाशी ठेवला आणि कॅमेरा काढला.

आजोबा चौकोनात शिरले, रेषेपर्यंत गेले, वळले आणि ताठ उभे राहिले. टोपीचा शेंडा दांड्याला टेकायला चार बोटंसुद्धा उरली नव्हती.

“बघा,” ते म्हणाले, “अजून भरतो की नाही गोल.”

नील हसला. मॉरीन हसली. टॅमसिन मात्र दांड्याकडे बघत राहिली.

मागच्याच आठवड्यात याच सुटाची विजार तिने दुमडून शिवली होती. आजोबा स्टुलावर उभे होते तरी त्यांच्याशी बोलताना तिला मान वर करावी लागली नव्हती. हा माणूस तिच्या खांद्याला लागत होता. रॉयही फार तर तिच्याएवढा. नील तिच्याहून दोन बोटं ठेंगणा. लग्नाच्या फोटोसाठी तिने मुद्दाम बिनटाचांचे बूट घातले होते. या घरात उंच कोणी नव्हतंच. कधीच नव्हतं. म्हण खोटी होती आणि ती खोटी असल्याचं रोज जेवणाच्या टेबलाशी दिसत असूनही तीन पिढ्या सगळं गाव ती हसत हसत म्हणत आलं होतं.

माणसं वाढली नव्हती. मग दांडा खाली आला होता. दांडा खांबांवर होता आणि खांब जाड लोखंडाचे होते. ते खाली कुठे चालले होते? आणि ते खाली जात असताना ही जमीन वर, सपाट, हिरवीगार कशी राहिली होती?

गोलाला.

तिने बेरिलकडे पाहिलं. बेरिल तिच्याकडेच बघत होती. केव्हापासून बघत असावी.

“आत्या, तिथे काय आहे?”

“मला ठाऊक नाही, पोरी. देवाशप्पथ. मला एवढंच ठाऊक आहे की क्लब बंद झाला त्या दिवशी हा फावडं घेऊन इकडे आला आणि रिकाम्या हातांनी घरी परतला.” तिने भावाकडे बोट केलं नाही, नुसती हनुवटी वळवली. “बोल की आता. की तेही मीच बोलू?”

रॉय चौकोनाच्या बाहेर उभा होता. बुटाची टोकं कातरलेल्या गवताच्या कडेला अगदी मोजून थांबलेली. बोलला तेव्हा इतक्या हळू की जणू आवाजालाही वजन असतं.

“त्या शेवटच्या मोसमात पंचाने मोजायची फीत लावली होती. दांडा हातभर खाली निघाला. लीगवाले म्हणाले, खांब उपटून पुन्हा रोवा. बाबा आणि मी खणायला आलो. बशांचे तुकडे, राख, बशांचे तुकडे, आणखी राख. मग फावडं गेलं. माझ्या हातातून खालीच गेलं. मी वाट बघत राहिलो.”

“कशाची?” नीलने विचारलं.

“पडल्याच्या आवाजाची.”

कुठेतरी दूर मोटार गेली.

“आवाज आला नाही,” रॉय म्हणाला. “खालचं मीठ विरघळवून सगळं पाणी उपसून नेलं होतं कारखान्याने. खाली काही नव्हतंच. कपडे बदलायच्या खोलीचं दार काढून भोकावर टाकलं, वर माती लोटली. बाबा म्हणाले, कुणाला सांगितलंस तर लोक म्हणतील हल्सांनी बुटक्या गोलात उभं राहून चषक जिंकले. त्यापेक्षा क्लब नको. मी शपथ घेतली.”

“आणि माझ्या पोराला तिथे जाऊ दिलंस?” मॉरीनचा आवाज ओळखू येईना. “नीलला बसवलं तेव्हा...”

“तेव्हा मला नुसता संशय होता. दार त्यानंतर टाकलं.”

“आज तर ठाऊक होतं तुला.”

“मी म्हणालो ना, गवत ओलं आहे.”

नील धावणार होता. त्याचा पाय उचललाही होता. रॉयने त्याच्या कोटाची बाही अशी काही पकडली की शिवण उसवली. “एकाचं वजन आहे तेवढं पुरे. तिथे आणखी कुणी जायचं नाही.”

“आजोबा,” नीलने हाक मारली, “नेडला घेऊन या इकडे. जरा लवकर.”

“का?”

“बाबांनी सांगितलं आम्हाला सगळं.”

म्हाताऱ्याचा चेहरा आधी पडला, मग दगडासारखा झाला. “सांगितलं. अस्सं. सगळ्यांसमोर.” त्याने पाय आणखी फाकवून रोवले. टॅमसिनला ते रोवलेले पाय दिसले आणि त्या पायांखालचं जुनं, वीस वर्षं भिजलेलं दार दिसलं. “चाळीस वर्षं उभा राहिलो मी इथे. माझा बाप राहिला. कधी काही झालं नाही. रॉय तेव्हाही भित्रा होता, चेंडू आला की डोळे मिटायचा. बसवणार मी याला. आण तो चेंडू.”

“बाबा, हात जोडते,” बेरिल म्हणाली.

“तू तर बोलूच नकोस.”

जितकं कोणी बोलत होतं तितका म्हातारा जमिनीत शिरल्यासारखा उभा राहत होता. टॅमसिनच्या ते लक्षात आलं. तिचे डोळे काम करत होते. बाळ झाल्यापासून ते कधी थांबलेच नव्हते: पायऱ्या, किटली, खिडकीची कडी. आता ते नेडच्या झग्याच्या टोकावर होते. टोक जमिनीला टेकलं होतं. आजोबा त्याला खाली बसवायला वाकू लागले होते.

रडून हा माणूस ऐकणार नव्हता. समजावून तर त्याहून नाही. तो काय ऐकत आला होता जन्मभर?

“मॉरीन, चेंडू द्या,” ती म्हणाली.

“वेड लागलंय का तुला?”

“द्या ना.”

बेरिलने तो मॉरीनच्या पायाशी होता तिथून उचलला आणि टॅमसिनच्या हाती दिला. काही विचारलं नाही.

“आजोबा, सोडते हं,” टॅमसिन म्हणाली. आवाज जमेल तितका सरळ ठेवला. “नेडला अजून खाली ठेवू नका, आधी तुम्हीच अडवून दाखवा. त्याला कळू दे कसं अडवतात.”

म्हातारा सरळ झाला. पोर डाव्या काखेत, उजवा हात मोकळा. डोळे बारीक झाले.

तिने चेंडू सोडला, हळू, अगदी हळू. लांब गवत ओलांडून तो कातरलेल्या कडेपर्यंत आला, तिथे जरासा डुगडुगला आणि थांबला. गोलपासून बराच पुढे, कुणाचाच नसलेला.

मोकळा पडलेला चेंडू. समोर पाच माणसं उभी, कुणीही येऊन पाय लावेल असा. गोलकीपरने रेषेवर थांबायचं नसतं अशा वेळी. हे विल्फ हल्सला बापाने शिकवलं होतं आणि त्याने अर्ध्या गावाला शिकवलं होतं. म्हाताऱ्याच्या तोंडून शिवीसारखं काहीतरी निघालं. “हा काय चेंडू टाकलास का, पोरी,” तो पुटपुटला, आणि निघाला. एक पाऊल, दुसरं. तिसऱ्याला जमिनीतून पोकळ, लाकडी ठोक आल्यासारखा आवाज झाला. सगळ्यांनी ऐकला. त्यानेही ऐकला असावा, कारण तो क्षणभर थांबला. मग तो पुढे आला, वाकला, आणि चेंडूवर पंजा ठेवला.

तोवर टॅमसिन कातरलेल्या गवताच्या कडेला गुडघे टेकून बसली होती आणि नेडला तिने त्याच्या काखेतून काढून घेतलं होतं.

मॉरीन रडत होती आणि बेरिलने तिचे खांदे धरले होते. त्या दोघींना एकमेकींना धरलेलं नीलने जन्मात पाहिलं नव्हतं. रॉयने बापापुढे हात केला. “चला बाबा. घरी जाऊ.”

विल्फने चेंडूकडे पाहिलं, मग टॅमसिनकडे. त्याला कळलं होतं.

“फसवून बाहेर काढलंत मला,” तो म्हणाला. राग नव्हता, नवल होतं. “असं कुणीच काढलं नव्हतं.”

आणि रॉयचा हात त्याच्यापर्यंत पोचायच्या आत तो वळला, मागे चालत गेला, आणि दांड्याखाली जाऊन उभा राहिला. “जा तुम्ही,” तो म्हणाला. “चहा निवला असेल. काही होत नाही ते बघायचं असेल तर थांबा, नाहीतर जा.”

ते थांबले, पार ऊन कलेपर्यंत. काही झालं नाही. तेच वाईट झालं.

कारण आता तो रोज जातो. दुसऱ्याच दिवशी रॉयने स्वतः जाऊन पंचायतीत सगळं सांगितलं. माणसं आली, लांबून बघून गेली, तारेचं उंच कुंपण घातलं, पाटी लावली. यंत्र घेऊन कुणीतरी येणार आहे म्हणतात. गावात म्हण बदलली. ‘हल्स पिढीगणिक बुडतात’ असं दारूच्या गुत्त्यात कुणीतरी म्हणालं, आणि ते म्हाताऱ्याच्या कानावर गेलं. त्या दुपारी त्याने कुंपणाची तार कापली. नील शिवतो, हा कापतो. रॉय दाराशी बसतो, हा मागून जातो. मॉरीन आणि बेरिल आळीपाळीने पाळत ठेवतात, पण म्हातारं माणूस आहे, बांधून कसं ठेवणार? दुपार कलली की तो टोपी घालतो आणि जाऊन उभा राहतो. चषक खरे होते हे सिद्ध करायला त्याच्याकडे दुसरं काही उरलेलं नाही.

टॅमसिन नेडला घेऊन लेस्टरला, आईकडे आली आहे. थोडे दिवस म्हणून. रोज दुपारी तिची नजर फोनवर असते, आणि कप विसळताना ती तो दोन्ही हातांनी धरते. भेटेल त्याला ती विचारते, तुम्ही त्या बाजूला जाणार आहात का. तेव्हा तिचं मागणं तुमच्यापाशीही आहे. मिठाच्या जुन्या कारखान्यावरून जाणारा रस्ता तुमच्या वाटेत असेल आणि वेळ दुपारची असेल, तर फाटकापाशी जरा गाडी थांबवा. आत जाऊ नका. धावू नका. गवतापलीकडे पांढऱ्या दांड्याखाली टोपी दिसते का बघा, आणि दिसली तर नाव घेऊन हाक मारा: विल्फ. तो चिडून उत्तर देईल. दिलं, की पुढे जा. टोपी नुसतीच गवतावर पडलेली दिसली, तर मात्र तिथे थांबू नका. वळणावरचं हिरव्या दाराचं घर हल्सांचं. आधी ते ठोठावा, मग टॅमसिनला फोन करा.